मॅलेइक अनहायड्राइड : एका रसायनाची जागतिक बाजारपेठ

एखादे औद्योगिक रसायन महाग का झाले, असे विचारताच मागणी आणि पुरवठा यांचा दाखला दिला जातो. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मॅलेइक अनहायड्राइड या पांढऱ्या, घन पदार्थाची कथा असे दाखविते की, बाजारपेठेचे भवितव्य पुष्कळदा कार्बनच्या अणूंच्या हिशेबात दडलेले असते.

हा पदार्थ सामान्य ग्राहकाला दुकानात भेटत नाही. नौकांचे सांगाडे, आम्ले साठविण्याच्या टाक्या, छपरांचे पन्हाळी पत्रे, कृत्रिम संगमरवर अशा वस्तूंत तो रूप पालटून आपल्यासमोर येतो. ग्लायकॉलशी त्याचा संयोग घडवून असंपृक्त पॉलिएस्टर रेझीन तयार करतात. मॅलेइकमुळे रेझीनच्या साखळीत द्विबंध राहतात. स्टायरीनच्या साहाय्याने हे दुवे एकमेकांत गुंफले गेले की पातळ रेझीन काचतंतूंना धरून ठेवीत कठीण होते. जगातील मॅलेइकचा सर्वांत मोठा वाटा याच कामी खर्ची पडतो. म्हणूनच २००८ च्या मंदीत अमेरिकेतील घरबांधणी व नौकाबांधणी थंडावताच या रसायनाची मागणीही घसरली.

त्याचे व्यापारी उत्पादन १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले, ते बेंझीनपासून. बेंझीनच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असतात, मॅलेइकमध्ये चार. उरलेले दोन अणू जळून वायुरूपाने निघून जातात. ब्यूटेनमध्ये मात्र मुळातच चार अणू आहेत. कागदावरील हिशेबाप्रमाणे १०० किलो बेंझीनपासून सुमारे १२६ किलो, तर १०० किलो ब्यूटेनपासून सुमारे १६९ किलो मॅलेइक मिळावयास हवे. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच कमी पडतात; तरीही ब्यूटेन स्वस्त असल्यामुळे त्याचे पारडे जड राहिले. व्हॅनेडियम आणि फॉस्फरसयुक्त उत्प्रेरकाने हा मार्ग खुला केला. १९७४ मध्ये सेंट लुईस येथे मोन्सँटोने त्यावर आधारित पहिले व्यापारी उत्पादन सुरू केले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेने बेंझीनचा मार्ग सोडून दिला.

या स्थित्यंतराला केवळ पैशाचे कारण नव्हते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. १९८७ मध्ये अमेरिकेने कामाच्या जागेतील हवेत बेंझीनची मर्यादा दहा लाख भागांत १० भागांवरून १ भागावर आणली. स्वस्त मालाची किंमत कामगाराने आपल्या रक्ताने चुकवावी काय, हा प्रश्न त्यामागे होता.

चीनमध्ये कथा निराळी घडली. तेथे पोलाद उद्योगाच्या कोकभट्ट्यांतून बेंझीन विपुल मिळत असे. त्यामुळे जुना मार्ग दीर्घकाळ टिकला. जगातील सर्वांत मोठा उत्पादक झालेला हा देशही पुढे ब्यूटेनकडे वळला. ज्या देशाजवळ जो कच्चा माल, त्या देशाची ती पद्धती, हा नियम येथे स्पष्ट दिसतो.

भारताला आपल्या गरजेचा मोठा भाग आयात करावा लागत आला आहे. परदेशात भाव चढला की काचतंतूंच्या टाक्या बनविणाऱ्या लहान कारखानदाराला त्याची झळ प्रथम लागते. कारण चढलेला भाव गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याची ताकद त्याच्याजवळ नसते. महाराष्ट्रात तळोजा येथे थॅलिक अनहायड्राइडच्या उत्पादनात वायू धुतलेल्या पाण्यातून मॅलेइक परत मिळविले जाते. जे सांडपाण्यात गेले असते ते येथे विक्रीयोग्य ठरते. पण एवढ्याने गरज भागत नाही. २०२१ मध्ये इंडियन ऑइलने पानिपत येथे वर्षाला १,२०,००० टन क्षमतेच्या कारखान्यास मंजुरी दिली, त्यामागील विचार हाच आहे.

मात्र केवळ कारखाना उभारल्याने स्वावलंबन येत नाही. कोणता कच्चा माल वापरावा, त्यातील किती वाया जाऊ द्यावा आणि त्याचा धोका कोणी सोसावा, या तीन प्रश्नांची उत्तरे जो देश स्वतः ठरवितो, तोच या बाजारपेठेत खऱ्या अर्थाने स्वतंत्र म्हणावा लागेल.