‘शक्यतोवर’ या शब्दाची किंमत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने चोरी केली नव्हती की दंगल. तो नियमितपणे रक्तदान करीत असे, आणि त्याच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू आढळले होते. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार अशा माणसाला अलग ठेवणे शासनाला भाग होते. म्हापशातील एका जुन्या क्षयरुग्णालयात त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ डांबण्यात आले. त्याच्या मातेने उच्च न्यायालयात धाव घेतली. डॉमिनिकची सुटका झाली आणि सक्तीचे विलगीकरण पुढे शासनाच्या विवेकाधीन करण्यात आले. परंतु समाजाच्या हितापुढे व्यक्तीचा हक्क गौण ठरवून न्यायालयाने विलगीकरणाचे तत्त्व मात्र वैध मानले. १९९२ साली डॉमिनिकचे निधन झाले.

या प्रकरणामागील विचारसरणी नीट तपासली पाहिजे. रुग्णाचा हक्क आणि समाजाची सुरक्षितता या दोन परस्परविरोधी गोष्टी होत, असे शासनाने गृहीत धरले होते. त्या गृहीताला संशोधनाचा आधार नव्हता, भीतीचा होता. तुरुंगाची धास्ती असेल तर कोणता माणूस स्वखुशीने रक्ततपासणीला येईल? तपासणीच टळली म्हणजे रोग अंधारात वाढतो आणि प्रतिबंधाचा पायाच ढासळतो.

संशोधनाने पुढे याच्या नेमके उलट सिद्ध केले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात पुणे आणि चेन्नई येथील केंद्रेही सहभागी होती. बाधित जोडीदारावर लवकर उपचार सुरू केले असता दुसऱ्या जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. म्हणजे ज्याला औषध मिळते तो स्वतः जगतो आणि दुसऱ्यालाही वाचवतो. रुग्णाचा हक्क हाच समाजाच्या सुरक्षिततेचा मार्ग ठरला.

मात्र औषध परवडले तरच हा मार्ग खुला होतो. या औषधांच्या एका वर्षाच्या उपचाराला पाश्चात्त्य कंपन्या दहा हजार डॉलरांहून अधिक घेत होत्या, तेव्हा २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ३५० डॉलरांचा देकार दिला. हा चमत्कार बाजाराच्या कृपेने घडला नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली होती, हे त्याचे मूळ होय. २००५ साली पदार्थाचे पेटंट परत आले. म्हणून नव्या औषधांच्या बाबतीत ही लढाई आजही संपलेली नाही.

जनतेच्या रेट्याने पुष्कळ काही मिळाले, हे नाकारता येणार नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम करण्यास सक्षम असलेल्या बाधित कामगाराला केवळ बाधेपायी नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नाही, गुप्ततेचा भंग नाही, नोकरीत, शाळेत वा दवाखान्यात भेदभाव नाही, ही त्याची सूत्रे. म्हापशापासून इथवरचा प्रवास लहान नव्हे.

परंतु याच कायद्याच्या १४ व्या कलमात औषधोपचार ‘शक्यतोवर’ पुरवावेत, असे शब्द आहेत. भुकेल्याला अन्न ‘शक्यतोवर’ द्यावे, असे म्हणण्यासारखेच हे झाले! या शब्दाची किंमत २०२२ च्या उन्हाळ्यानंतर दिसली. औषधांचा तुटवडा पडला आणि बाधितांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयाबाहेर धरणे धरावे लागले. या औषधात खंड पडणे म्हणजे विषाणूला पुन्हा डोके वर काढण्याची संधी देणे.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. तक्रारींच्या निवारणासाठी लोकपाल नेमण्याची जबाबदारीही या कायद्याने राज्य सरकारांवरच टाकली आहे. तीस दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो चोवीस तासांत, त्याने आदेश द्यावयाचा आहे. तेव्हा ‘दिल्लीने माल पाठवला नाही’ हे उत्तर मुंबईच्या मंत्रालयाला शोभत नाही. ऊसतोड कामगार हंगामासाठी गाव सोडतो, तेव्हा त्याच्या गोळ्या फडापर्यंत कशा पोहोचतात? एका दिवसाच्या औषधासाठी शेतमजूर बाईला किती दिवसांची मजुरी बुडवावी लागते? उपचार सुरू करून मध्येच सोडणारे किती आणि का सोडतात? राज्याच्या धोरणाचा अभ्यास या प्रश्नांपासून सुरू झाला पाहिजे, आणि त्याचे निष्कर्ष जिल्हावार जनतेसमोर आले पाहिजेत.

कार्यकर्त्यांचे काम यातूनच ठरते. आपल्या जिल्ह्यातील उपचारकेंद्रात किती महिन्यांचा साठा आहे, हे विचारावे. लोकपालाचे नाव व पत्ता तेथे ठळक लावला आहे की नाही, हे पाहावे. आणि हे करताना कोणाही रुग्णाचे नाव चारचौघांत उच्चारले जाणार नाही, याची कसोशीने काळजी घ्यावी. वेश्यावस्ती, ट्रकतळ, ऊसाचा फड येथील माणसे संघटित झाल्यावाचून कायद्यातला तो एक शब्द खोडला जाणार नाही.