पुडीवरचं वाचता येतं, पण उमगतं का?



वर्षातून एकदा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. पोरांना रांगेत उभं करतात, काट्यावर चढवतात, भिंतीशी उंची घेतात, पापणी खाली ओढून फिकेपणा बघतात, दात, कान, नजर तपासतात. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याचा नारळ आपल्याच राज्यात, पालघरला फुटला. त्यातून कितीतरी मुलांना चष्मे लागले, कितीतरींच्या हृदयाचे दोष वेळेत सापडले. पण त्या तपासणीच्या कार्डावर एक रकाना नाही. तब्येतीबद्दल जे सांगितलं जातं, जे पाकिटावर छापलेलं असतं, ते या मुलाला कितपत समजतं, आणि समजलेलं वेळेला वापरता येतं का? याला आरोग्य साक्षरता म्हणतात. वजन-उंचीसारखी तीही मोजता येते. ती कशी मोजायची, हे आज खान्देशातला आपला पारोळा तालुका नजरेसमोर ठेवून सांगणार आहे.

पारोळाच का, असं कोणी विचारेल. आपल्याकडे घरचा वाचणारा माणूस पुष्कळदा पोरच असतं, म्हणून. बहादरपूर घ्या, तामसवाडी घ्या, शिरसोदे घ्या. आईवडील कापसात. आजीचं शिक्षण सहीपुरतं. आजोबांना रक्तदाबाची गोळी सकाळी आणि साखरेची गोळी जेवणाआधी. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. चंदेरी पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून कोणती गोळी कोणती ते सांगणार कोण? सातवीतला नातू. म्हणजे त्या पोराची समज त्याच्या एकट्यापुरती राहत नाही, सगळ्या घराच्या औषधपाण्याला पुरते. तिचा अंदाज असायला हवा की नको?

जगात यासाठी बरीच साधनं तयार झाली आहेत. अमेरिकेत २००५ साली एक फार गमतीची चाचणी निघाली. माणसाच्या हातात आइस्क्रीमच्या डब्याचं लेबल द्यायचं आणि सहा प्रश्न विचारायचे. अख्खा डबा खाल्ला तर किती कॅलरी पोटात जातील? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने हे खावं का? घटकांच्या यादीत शेंगदाण्याचं तेल लिहिलेलं असतं. ते ज्याने हेरलं त्याला गुण. तीनेक मिनिटांत काम आटोपतं. ही चाचणी मोठ्यांसाठी केली होती, पुढे वयात येणाऱ्या मुलांवरही वापरली गेली.

फिनलंडमधल्या संशोधकांनी शाळकरी मुलांसाठी दुसरा रस्ता धरला. दहा विधानं, प्रत्येकापुढे एक ते चार गुण. डॉक्टर-नर्सने सांगितलेलं मला पाळता येतं, आरोग्याबद्दलची माहिती खरी की खोटी हे मला ठरवता येतं, अशा धर्तीची. बेरीज दहा ते चाळीस. पंचवीसपर्यंत कमी, छत्तीसपासून पुढे उत्तम. जर्मनीत नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी पंधरा प्रश्नांचा तक्ता आहे. त्यात अमुक गोष्ट तुला किती सोपी वा अवघड वाटते, असं विचारतात.

आता माझं मत सांगतो. हे दुसऱ्या जातीचे तक्ते जसेच्या तसे मराठी करून आपल्या शाळेत वाटले तर हाती धुपाटणं येईल. आपलं पोर कागद दिसला की परीक्षा समजतं. "आरोग्यविषयक माहितीचे मूल्यमापन करणे तुला किती सोपे वाटते?" असं छापलं, की ते बिचारं आधी गुरुजींच्या तोंडाकडे बघणार, मग "अतिशय सोपे" वर खूण करणार, कारण तेच बरोबर उत्तर असावं असा त्याचा हिशेब. शेजारचा त्याचं बघून तीच खूण करणार. बेरीज येईल अडतीस, आणि आपण म्हणू, वा, पारोळा फिनलंडच्या पुढे गेला! मुलाला "तुला कळतं का" असं विचारण्यापेक्षा "करून दाखव" म्हणणं भलं. आइस्क्रीमच्या लेबलाची युक्ती त्यासाठी उचलावी, पण आइस्क्रीम सोडून द्यावं. आपल्या घरांत जे डबे, पुड्या, पाकिटं असतात तीच चाचणीला घ्यावीत.

ओआरएसची पुडी घ्या. पोरापुढे एक लिटरची पुडी, पाण्याचा तांब्या, पेला आणि लिटरची रिकामी बाटली ठेवा. सांगा, धाकट्या भावाला जुलाब लागलेत, तयार कर. आणि गप्प बसा. काही मुलं चिमूटभर पावडर पेल्यात टाकतील, उरलेली पुडी दुमडून ठेवतील. काही अख्खी पुडी एका पेल्यात रिकामी करतील. ते खारट पाणी लहान लेकराला धोक्याचं. एखादी मुलगी पुडी उलटी करून वाचेल, बाटली उचलेल, मापून पाणी घेईल. आता तिला पुढचं विचारा, उद्या संध्याकाळपर्यंत उरलं तर? चोवीस तासांनंतर फेकायचं, हे पुडीवर लिहिलेलं असतं. तिघांनाही परीक्षेत "जुलाबावर उपाय काय" विचारलं असतं तर तिघांनी "ओआरएस" लिहून पैकीच्या पैकी मिळवले असते. मोजण्याच्या चुकीच्या आणि बरोबर पद्धतीतला फरक एवढाच आहे.

याच ओआरएसवरून आणखी एक. दुकानात गोड पेयांचे खोके मिळत, त्यांच्या नावातच ओआरएस ही अक्षरं असत, आणि साखर मात्र खऱ्या ओआरएसच्या कितीतरी पट. शिकलेसवरलेले आईबाप आजारी लेकराला ते पाजत होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. म्हणजे लेबल वाचता येणं ही पहिली पायरी. लेबलावर शंका घेता येणं ही फार वरची. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली या पायऱ्या मांडून ठेवल्या आहेत: वाचून वागता येणं, मग बोलून-विचारून माहिती काढता येणं, आणि मग आलेली माहिती पारखता येणं. आपल्याकडे मधली पायरीच सगळ्यांत कच्ची. पोरगं माझ्या दवाखान्यात येतं, मी त्याला विचारतो, उत्तर आई देते.

आता खान्देशातल्या घरातली खास वस्तू. फवारणीच्या औषधाचा डबा. त्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, खालच्या अर्ध्यात रंग. तांबडा म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा थोडा कमी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही खूण सक्तीची केली आहे. निरक्षर माणसालाही कळावं म्हणून रंग दिले. आता आठवीतल्या मुलाला विचारा, हिरवा त्रिकोण म्हणजे काय? बहुतेक वेळा उत्तर येईल, "चालतं, काही होत नाही". दोष मुलाचा नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहारी, सिग्नलचा हिरवा दिवा म्हणजे जा, म्हणून डब्यावरचा हिरवाही निर्धोक वाटतो. पण तेही विषच, फक्त कमी तीव्रतेचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कापूस आपल्याकडेही तोच आहे. म्हणून मी तर म्हणेन, आपल्या तालुक्यातल्या चाचणीत हा एक प्रश्न हवाच. आणि त्याला जोडून दुसरा, रिकाम्या डब्याचं काय करायचं? "धुऊन पाण्याला घेतो" असं उत्तर आलं तर त्या घरी त्याच दिवशी कोणीतरी जाऊन बोललं पाहिजे.

मुलींसाठी निळी गोळी. सहावीपासून शाळेत आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आढळला. रक्त कशाने वाढतं हे मुलींना तोंडपाठ असतं: पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे. पण गोळी दप्तरातून घरी जाते आणि उकिरड्यावर पडते. एका मुलीला मी हळूच विचारलं, का गं घेत नाहीस? ती म्हणाली, "काळं होतं ना." शौचाला काळं होतं, याची तिला धास्ती. लोहाच्या गोळीने तसं होतंच, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. उपाशीपोटी घेतली म्हणून मळमळलं, हेही नव्हतं सांगितलं. गोळीबरोबर चहा घेतला तर लोह कमी लागतं, लिंबू पिळलेलं खाल्लं तर जास्त, हेही नाही. मोजताना हेच विचारायचं: जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर नको, काळं झालं तर काय समजायचं?

विचारायचं कोणत्या बोलीत, हा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, पाकिटावर इंग्रजी. "तुला कोणता त्रास होतो" असं विचारलं की पोर मान खाली घालतं. तेच आजीजवळ "मन्हं पोट दुखस" म्हणून धडाधडा सगळं सांगतं. तेव्हा चाचणी तोंडी घ्या, घरच्या बोलीत घ्या. छापील तक्ता वापरायचाच असेल तर आधी दहाएक मुलांसमोर तो ठेवून "या प्रश्नातून तुला काय कळलं" हे विचारा. पाच मुलांनी पाच अर्थ लावले तर प्रश्न बदला. तोल बिघडलेला काटा घेऊन कोणी कापूस मोजत नाही.

शाळांना हे जमेल का? जमेल. आयुष्मान भारतखालचा शालेय आरोग्य कार्यक्रम २०२० साली सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक बाई आणि एक गुरुजी, आरोग्यदूत म्हणून नेमायचे असतात. त्यांनी जूनमध्ये एका वर्गाकडून अशा चार वस्तू हाताळून घ्याव्यात, कोण काय करतं ते वहीत टिपावं, आणि जानेवारीत पुन्हा बघावं; दुसऱ्या वेळी पाकीट मात्र वेगळं घ्यावं, नाहीतर पाठांतर मोजलं जाईल. दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. फळ्यावर गुण लिहू नयेत. आणि पहिला-दुसरा नंबर तर मुळीच काढू नये. बक्षीस लागलं की क्लासवाले गाईड छापतील. निम्म्या वर्गाला गोळीच्या पाकिटावरची मुदत सापडली नाही, तर समजायचं की ती जागा दाखवायचं आपल्याकडूनच राहिलं. तसंही ती मुदत पाकिटाच्या एका टोकाला असते, आणि दुकानदाराने सुटी गोळी कापून दिली की पुष्कळदा तेच टोक हरवतं. पोराला एवढं जरी शिकवलं की मुदतीचं टोक शेवटपर्यंत राखून ठेवायचं आणि गोळ्या दुसऱ्या बाजूने काढायच्या, तरी पुष्कळ झालं. पाकिटावर उभी लाल रेघ असली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हेही त्यातच दाखवून टाका.

घरी करायचं असेल तर फारसा सरंजाम लागत नाही. तापाच्या औषधाची बाटली काढा. एकाच नावाच्या दोन बाटल्या असतात. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. पोराला म्हणा, दोन्हींतला फरक शोध. मग टोपणात पाच मिलिलिटर पाणी ओतून दाखवायला सांगा, आणि तेच पाणी स्वयंपाकघरातल्या चमच्यात ओता. कुठे ओसंडेल, कुठे चमचा अर्धाच भरेल. त्यानंतर चमच्याने औषध देऊ नये हे वेगळं सांगावं लागत नाही. मात्र ही कसरत रिकाम्या किंवा पाण्याच्या बाटलीवर करा, आणि मोठं माणूस जवळ असू द्या. मुलाने स्वतःच डॉक्टर व्हावं असा यामागे हेतू नाही. कोणत्या वेळी मोठ्यांना हाक मारायची हे कळणं, हाही साक्षरतेचाच भाग. दहा वर्षांखालच्या मुलांबाबत तर मी तेवढंच बघतो: साप चावला, कोणी विषारी डब्याला तोंड लावलं, बहीण झोपेतून उठेना, तर तू आधी काय करशील? "पळत जाऊन आईला सांगीन" हे उत्तर त्या वयाला पुरेसं आहे. "भगताकडे नेऊ" असं आलं तर मुलाला रागावू नका. घरात काय बोललं जातं ते त्याने तुम्हाला सांगितलं आहे.

आणखी एक सवय लावता येईल. दवाखान्यातून बाहेर पडलात की घरी पोचेपर्यंत वाटेत मुलाला विचारा, डॉक्टर काय म्हणाले ते आजीला तू कसं सांगशील? ते जिथे अडखळेल तिथे बहुधा तुम्हालाही नीट कळलेलं नसतं. तसं झालं तर गाडी वळवा आणि परत येऊन विचारा. आम्हा डॉक्टरांना त्याचा राग येता कामा नये.

आज रात्री जेवताना एवढं विचारून बघा: १०८ नंबर कशाचा आणि १०४ कशाचा? पहिला रुग्णवाहिकेचा, दुसरा आरोग्याच्या सल्ल्याचा. आणि १०८ ला फोन लागल्यावर आपल्या वस्तीचा पत्ता, रस्ता, जवळची खूण पोराला न थांबता सांगता येते का, ते घड्याळ लावून ऐका.