घाटमाथ्यासाठी झालेली झुंज



जुन्नर म्हटलं की आधी शिवनेरी डोळ्यांपुढे येतो. १६३० साली शिवराय तिथे जन्मले. त्या मातीचा तो मान मोठाच आहे. पण याच मुलखासाठी त्याआधी सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी एक मोठी झुंज झाली. एका बाजूला पैठणचे सातवाहन, दुसऱ्या बाजूला गुजरात-माळव्याकडून खाली उतरलेले क्षहरात घराण्याचे क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ते. सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी आणि क्षत्रपांचा नहपान यांच्यात ती झुंज झाली. ती कशासाठी झाली आणि जिंकणाऱ्याने पुढे काय केलं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी नाणेघाटात जाऊ. जुन्नरहून पश्चिमेला घाटघरपर्यंत गेलं की पठार एकाएकी संपतं. खाली मुरबाडकडचं कोकण, आणि मधे कातळातून उतरणारी अरुंद वाट. वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. जवळच्याच लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. ही गौतमीपुत्राच्या कितीतरी पिढ्या आधीची, पहिल्या सातकर्णीची राणी आणि एका महारठीची लेक. लेखात अश्वमेधासारखे यज्ञ आहेत आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची भली मोठी यादी आहे. एवढं धन आलं कुठून, याचं उत्तर लेण्याच्या दाराशीच आहे. ते म्हणजे ही वाट.

पैठण-तेरकडचा माल जनावरांच्या पाठीवर जुन्नरला येई, घाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत जाई आणि तिथून समुद्रापार. सह्याद्रीचा कडा सरळसोट आहे. माल उतरणार तो नाणेघाटातून, आंबेगावातल्या आहुप्याच्या घाटातून, नाहीतर भीमाशंकरच्या वाटांनी. ज्याच्या हाती घाटमाथा त्याच्या हाती जकात, आणि ज्याच्या हाती जकात त्याच्या पदरी फौज.

क्षत्रपांचं बंदर होतं भडोच. 'पेरिप्लस' नावाचं त्या काळातलं ग्रीक भाषेतलं सागरी व्यापाराचं पुस्तक आहे. कल्याणच्या बंदरात अडथळे आले होते, आणि तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती होती, असं ते पुस्तक सांगतं. कल्याणची जकात तोडायची आणि व्यापार भडोचला वळवायचा, अशी ही चढाओढ होती.

आता नहपानाच्या माणसांचे लेख कुठे कुठे आहेत ते पाहा. थळघाट चढून आलं की नाशिक, तिथे आहेत. बोरघाट चढून आलं की कार्ले, तिथे आहेत. नाणेघाट चढून आलं की जुन्नर, तिथेही आहेत. सह्याद्रीची तिन्ही दारं त्यांनी धरली होती.

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. वत्स गोत्राच्या या अमात्याने पुण्यासाठी पाण्याचं टाकं आणि मंडप दान दिला. वर्ष दिलं आहे ४६. नाशिकच्या आधीच्या लेखांत नुसता क्षत्रप असलेला नहपान इथे महाक्षत्रप झाला आहे. सत्ता अशी कळसाला पोचली होती, आणि त्याच्या नावाचा यानंतरच्या सालाचा लेख मात्र सापडलेला नाही.

कारण गौतमीपुत्र चालून आला. क्षहरात वंश आपल्या लेकाने निखंदून काढला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात कोरवून ठेवलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला. खाली नहपानाचा चेहरा पुसट दिसतो आणि वर तीन कमानींचा चैत्य उठलेला असतो. चांदी तीच, धनी बदलला.

पण श्रोतेहो, मला या नाण्यांपेक्षा दोन आज्ञापत्रं मोलाची वाटतात. तीही नाशिकच्या त्याच लेण्यात आहेत. कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी, विजयी छावणीतून, राजाने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडला. नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्याकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत भिक्षूंना द्यावं, असा तो हुकूम. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. २४ व्या वर्षी दुसरा हुकूम निघाला आणि त्यात राजमातेचाही उल्लेख आहे. ते शेत ज्या गावात आहे तिथे वस्ती नाही, शेत कोणी कसत नाही, म्हणून नगराच्या शिवेवरची आमच्या खासगीतली १०० निवर्तनं त्याबदली द्यावीत, असं त्यात म्हटलं आहे.

जयघोषाला सहा वर्षं झाली तरी एक गाव ओस होतं आणि शेतात नांगर नव्हता. राजाने ते दडवलं नाही. दिलेलं दान कागदोपत्री राहू नये म्हणून पदरची जमीन काढून दिली आणि तसं दगडावर लिहून ठेवलं. कार्ल्याच्या भिक्षूंना ऋषभदत्ताने दिलेलं गावही सातवाहनांच्या आज्ञेने त्यांच्याकडेच राहिलं. मानमोडीतला अयमाचा लेखही कोणी छिन्नीने उडवला नाही. म्हणूनच आज आपण तो वाचू शकतो. शत्रूचं सैन्य मोडायचं, पण त्याने बांधलेलं टाकं आणि दिलेलं दान मोडायचं नाही, ही रीत या डोंगरांत पाळली गेली. जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावंही तशीच टिकून आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्याने भोजनमंडप दिला.

संघर्ष तेवढ्यावर संपला नाही. पुढे क्षत्रपांच्या दुसऱ्या घराण्यातल्या रुद्रदामनाने एका सातकर्णी राजाला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचा नाश केला नाही, असं जुनागढचा लेख सांगतो. हे नातं सोयरिकीचं होतं.

जुन्नर-आंबेगावातल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पावसाळ्यात नाणेघाटात गर्दी होते. मुलांना धबधबा दाखवाच, पण लेण्यातल्या अक्षरांपुढेही उभं करा. ब्राह्मीची मुळाक्षरं शिकायला फार दिवस लागत नाहीत. भिंतीवर आपलं नाव कोरणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरा. आणि लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेताना त्यांना एवढंही विचारायला शिकवा, की लढाईनंतर शेत कोणी कसलं, पाणी कोणी दिलं? गौतमीपुत्राचं मोठेपण मी तरी त्या शंभर निवर्तनांवरून मोजतो.