नऊ नोव्हेंबरचा मुहूर्त

वर्तमानपत्रातला 'दिनविशेष'चा चौकोन आपण सगळेच वाचतो. कुणाचा तरी जन्म, कुठलासा तह, मध्येच एखादा विक्रम. या नोंदींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. वर्षाचे दिवस ३६५ आणि घडलेल्या गोष्टी अगणित, तेव्हा कुठल्याही तारखेला काही ना काही सापडणारच. म्हणून जर्मन लोक ९ नोव्हेंबरला 'नियतीचा दिवस' म्हणतात, हे वाचल्यावर मी आधी दुर्लक्षच केलं. पण यादी पाहिली आणि थांबलो. १९१८ साली राजेशाही गेली ती ९ नोव्हेंबरला. १९२३ साली हिटलरचं बंड फसलं, १९३८ साली सिनेगॉग जळाली, १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली, सगळं ९ नोव्हेंबरलाच. १८४८च्या क्रांतीतला लोकनेता रोबर्ट ब्लूम याला व्हिएन्नात गोळ्या घातल्या, तीही हीच तारीख. एखाद्या ज्योतिषानं लगेच पत्रिका मांडायला घ्यावी असा हा प्रकार. माझं म्हणणं असं की यात ग्रहांचा वाटा थोडा आणि माणसांच्या हिशेबाचा मोठा आहे.

१९१८चा शनिवार. महायुद्ध हरल्यात जमा, कैसर बेल्जियममध्ये स्पा इथल्या लष्करी मुख्यालयात, आणि बर्लिनमध्ये कामगार रस्त्यावर. दुपारी बाराच्या सुमारास चॅन्सेलर माक्स फोन बाडेन यानं कैसरनं सिंहासन सोडल्याचं जाहीर करून टाकलं. कैसरनं तसं काही कळवायच्या आतच. समाजवादी पुढारी फिलिप शाइडेमान तेव्हा संसदेच्या भोजनगृहात पातळ सूप पीत बसला होता. जहाल डाव्यांचा पुढारी लीबक्नेश्ट आता सोव्हिएत धाटणीचं प्रजासत्ताक जाहीर करणार, अशी बातमी आली. शाइडेमान उठला, खिडकीत गेला आणि गर्दीसमोर प्रजासत्ताक जाहीर करून मोकळा झाला. परत आला तर त्याचाच नेता एबर्ट संतापलेला : हा अधिकार तुला कुणी दिला? दोनेक तासांनी लीबक्नेश्टनं राजवाड्यावरून आपलं वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं. एका दुपारी दोन प्रजासत्ताकं!

या दिवसाचं नाव काढून हिटलर पुढं वर्षानुवर्षं 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' अशी शिवी देत राहिला. तरी १९२३ची तारीख काही त्यानं पंचांग पाहून धरली नव्हती. बव्हेरियाची सत्ता हाती असलेला कार ८ नोव्हेंबरच्या रात्री म्युनिकच्या एका बियर हॉलमध्ये भाषण करणार होता आणि सगळी बडी मंडळी आयती एका छताखाली सापडणार होती. तिथंच हिटलरनं बंड पुकारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, हिटलरचे सोळा जण आणि चार पोलीस मेले. इथवर योगायोग म्हणा, माझी हरकत नाही.

गंमत पुढं आहे. सत्तेवर आल्यावर हिटलरनं या फजितीचा उत्सव केला. दरवर्षी ८ तारखेच्या रात्री त्याच हॉलमध्ये भाषण आणि ९ला 'हुतात्म्यां'ची मिरवणूक. त्यामुळं १९३८ साली त्या संध्याकाळी देशभरातले पक्षाचे जुने खंदे म्युनिकच्या जुन्या टाउन हॉलमध्ये जेवायला जमले होते. दोन दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये सतरा वर्षांच्या हर्शल ग्रिन्स्पाननं जर्मन वकिलातीतल्या फोम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ग्रिन्स्पानच्या आईवडलांना नुकतंच जर्मनीतून पोलंडच्या सीमेवर हाकललेलं होतं. फोम राट मेल्याची बातमी जेवणाच्या टेबलावर आली. हिटलर निघून गेला, गोबेल्सनं भाषण ठोकलं, आणि ते ऐकून एकेका जिल्ह्याच्या म्होरक्यानं फोन उचलून आपापल्या गावी हुकूम सोडले. हजाराहून अधिक सिनेगॉग जाळली, फोडली. सुमारे ७,५०० दुकानांची नासधूस झाली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. वर दंड एक अब्ज मार्क, तोही ज्यूंनाच. फोम राट दुसऱ्या महिन्यात मेला असता तर ज्यूंचा छळ टळला असता, असं मी म्हणत नाही. पण एका रात्रीत देशभर आग लावायला लागणारी सगळी माणसं त्या तारखेनं एका पंगतीला आणून बसवली होती.

हाच वक्तशीरपणा गेऑर्ग एल्झर नावाच्या सुताराच्या लक्षात आला. हिटलर कधी, कुठं, कुठल्या खांबापुढं उभा राहणार हे वर्षभर आधी ठाऊक! १९३९ साली तीसहून अधिक रात्री तो त्या बियर हॉलमध्ये लपून बसला आणि व्यासपीठामागचा खांब पोखरत राहिला. घड्याळाचा बॉम्ब ठरल्याप्रमाणे ८ नोव्हेंबरला रात्री ९ वाजून २० मिनिटांनी उडाला. पण धुक्यामुळं विमानाचा बेत रद्द झाला होता, हिटलरला रेल्वे गाठायची होती. तो ९ वाजून ७ मिनिटांनीच निघाला. आठ जण मेले. एल्झर स्विस सीमेवर सापडला आणि ९ एप्रिल १९४५ला डाखाऊत मारला गेला.

१९८९ची कथा तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पूर्व जर्मनीचा प्रवक्ता शाबोव्स्की पत्रकारांसमोर प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचतो. तो कागद खरं तर दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर व्हायचा होता, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. अमलात कधी येणार? कागद चाळून म्हणतो, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर लोटलेल्या गर्दीपुढं अधिकारी येगर वरिष्ठांना फोन करून करून थकतो आणि साडेअकराच्या सुमारास फाटक उघडतो. इथं मात्र तारखेचा हिशेब कुणीच केला नव्हता.

मग एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस ९ नोव्हेंबर का नाही? १९३८ची रात्र त्याच तारखेवर असताना फटाके कसे उडवणार? आणि ७ ऑक्टोबर उजाडू द्यायचा नव्हता, नाही तर मरणाला टेकलेल्या पूर्व जर्मनीला आपला ४१वा वर्धापनदिन साजरा करावा लागला असता. युरोपीय सुरक्षा परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांची न्यूयॉर्कमधली बैठक २ ऑक्टोबरला संपत होती. विलीनीकरणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा निकाल तिच्यापुढं ठेवणं भाग होतं. तेव्हा पूर्व जर्मनीच्या संसदेनं ऑगस्टमध्ये मध्यरात्र उलटेपर्यंत वाद घालून लगेचचा दिवस पक्का केला, ३ ऑक्टोबर १९९०.