तापीकाठची तरुण पिढी आणि नोंदीचे मोल



मुलताईला उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून सुरतेस येते आणि डुमसजवळ समुद्रास मिळते. खानदेशातील असंख्य कुटुंबेही याच दिशेने येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थिरावली आहेत. नदीच्या सुखदुःखाशी येथील मराठी तरुणांचे नाते त्यामुळे दुहेरी आहे.

अफवेचा प्रताप या शहराने अनुभवला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली. साथ खरी होती. परंतु अफवा तिच्याहून वेगाने पसरल्या आणि मोबाईल फोन नसतानाही काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. पुन्हा तशी वेळ आली, तर घरोघरी फोन असतील. त्यांवरून कोणता संदेश जाईल, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर मुंबईच्या किनाऱ्यावर मिळते. तेथे २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू झाला. ओहोटीच्या वेळी नागरिकांना किनाऱ्यावर नेऊन खडकांतील जीव दाखवायचे, त्यांची छायाचित्रे घेऊन ती समाजमाध्यमांवर व ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर नोंदवायची, अशी ही पद्धत. या संकेतस्थळावर छायाचित्रासोबत तारीख व ठिकाण दिले जाते. जीवाचे नाव इतर जाणकार तपासतात आणि चूक असल्यास दुरुस्त करतात. ज्या किनाऱ्यावर कचऱ्याखेरीज काही नाही असे अनेकांना वाटे, तेथे समुद्री गोगलगायी, खेकडे आणि कायद्याने संरक्षित प्रवाळही नोंदले गेले.

संतापाने लिहिलेला संदेश दुसऱ्या दिवशी विस्मरणात जातो. तारीख आणि ठिकाण यांसह केलेली नोंद मात्र अनेक वर्षांनंतरही पुरावा म्हणून उभी राहते. नदीत सांडपाणी सोडणारे नाले, खाडीवरील पक्षी, पूर ओसरल्यावर भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा यांच्या अशा नोंदी सुरतेच्या तरुणांना ठेवता येतील आणि त्या महानगरपालिकेपुढे मांडता येतील. छायाचित्रासाठी पुराच्या पाण्याजवळ जाऊ नये, न पाहिलेले लिहू नये आणि न पडताळलेले पुढे पाठवू नये, ही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत.

१९९४ मध्ये अफवेने शहर रिते केले. यापुढे खऱ्या नोंदींनी ते सावध व्हावे. ही कामगिरी तापीकाठच्या तरुण पिढीचीच आहे.