गप्प म्हणजे शांत नव्हे

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटपाशी, हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, मासळीचा वास सगळं एकदम अंगावर येतं. एखादं स्वमग्न मूल तिथे कान गच्च झाकतं. दुसरं नुसतं गप्प उभं राहतं. त्याच्या आत काय चाललंय? १९९९ साली अमेरिकेत ल्यूसी मिलर आणि सहकाऱ्यांनी संवेदनांना मुलांचं शरीर कसा प्रतिसाद देतं, हे मोजून दाखवलं. हाताला इलेक्ट्रोड, मग सायरन, लुकलुकता दिवा, वास, चेहऱ्यावर पिसाचा स्पर्श, खुर्चीचा झोका. घामग्रंथी जाग्या झाल्या की त्वचेतून वीज सहज वाहते, त्याचाच आलेख काढायचा. आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की बहुतेकांचा प्रतिसाद ओसरतो, काहींचा नाही. स्वमग्न मुलांतही आलेख सारखे येत नाहीत, म्हणून यावरून निदान करता येत नाही. शिवाय इलेक्ट्रोडचा चिकट स्पर्शच काहींना सोसत नाही. मोजणाऱ्यांची खरी पंचाईत तिथेच!