वजन उतरलं, पुढे काय?

(घाटकोपर येथे झालेल्या महिला गटांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मी हा विषय सुचवला तेव्हा दोघीतिघींच्या कपाळावर आठ्या पडल्या. रेशन, पाणी, घरातली मारहाण हे सगळं सोडून वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवर काय बोलायचं? हा तर पैसेवाल्यांचा विषय! खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. माझं मत बदललं ते आपल्यातल्याच एका ताईमुळे. आज मी जे सांगणार आहे ते तिला आधी वाचून दाखवलं आहे आणि तिची परवानगी घेतली आहे.

ही ताई मुलुंडला राहते, नोकरी अंधेरीला. मधुमेह होता, गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा. दोन वर्षांपूर्वी तिने महिनाभर रजा घेतली आणि आपल्याला सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. आपण फळं घेऊन भेटायला गेलो. चार महिन्यांत ती निम्मी झाली. बैठकीत सगळ्याजणी म्हणायच्या, "काय गं, किती छान दिसतेस!" मीही म्हटलं. त्या दिवसांत ती रोज उलट्या करत होती. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बारीक व्हायला गेलीस ना, मग होणारच." आणि एक दिवस घाटकोपरच्या पुलावर, मेट्रोकडे जाताना, पायातली शक्ती गेल्यासारखी ती खाली बसली.

दवाखान्यात कळलं की सतत उलट्यांमुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत आलं होतं. वेळेवर इंजेक्शनं मिळाली म्हणून ती आज चालते आहे. मी तिला विचारलं, "आम्हाला खरं का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता, बाजाराला बळी पडलीस."

तिचं बरोबर होतं. आपण म्हणालो असतो.

म्हणून आधी हे ऑपरेशन काय आहे ते समजून घेऊ. यात चरबी कापून काढत नाहीत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात. 'बायपास' प्रकारात जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. भूक मंदावते, थोडक्यात पोट भरतं, अनेकींचा मधुमेह आटोक्यात येतो. फायदा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण ऑपरेशन एका दिवसाचं आणि सांभाळणं जन्मभराचं, हे बाईला कोणी नीट बसवून सांगत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ: ताक, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप. मग मऊ, घोटलेलं. दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण, तेही वाटीभर, सावकाश, एकेक घास चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यातून मिळतात सहा, त्यावरून हिशेब करा. गोड खाल्लं तर, विशेषतः बायपासनंतर, धडधड, घाम, जुलाब सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात. बहुतेकींचे पुन्हा येतात, पण तोवर आरशात बघवत नाही. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

आता हे आपल्या घरांत बसवून बघा. आपल्या घरात बाई सगळ्यांत शेवटी जेवते, उरलंसुरलं, उभ्याउभ्या, भराभरा. आणि डॉक्टर सांगतात, दिवसातून पाच-सहा वेळा, ठरल्या वेळी, खाली बसून, हळूहळू खा. म्हणजे घरातली जेवणाची उतरंडच उलटी करा! मुलांना वाढायच्या आधी स्वतःचं अंडं उकडून खाणाऱ्या बाईला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या ताईने आहाराचा कागद फ्रीजवर चिकटवला होता. महिन्याभरात त्यावर मुलाचं क्लासचं वेळापत्रक आलं.

पाण्याचंही तेच. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट प्यायचं. आपण मुंबईच्या बायका सकाळी घरून निघतो ते पाणी न पिता, कारण वाटेत धड संडास नाही. २०११ पासून या शहरात बायकांच्या मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' ही मोहीम चालली ती याचसाठी. तेव्हा आपण मूत्रमार्गाच्या आजारांबद्दल बोललो. जठर लहान झालेल्या बाईला तर एकदम गटागटा पिऊन भरपाईही करता येत नाही.

मग उपास. हरतालिकेला पाण्याचा थेंब नाही, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. पहिल्या वर्षात निर्जळी उपास म्हणजे थेट सलाईनला निमंत्रण. साबुदाण्यात प्रथिनं नावापुरती. हळदीकुंकवाला गेलं की "एवढासा लाडू, प्रसाद आहे, नाही म्हणू नये." मी कोणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. पण नको म्हणायचा हक्क प्रसादालाही लागू असावा.

गोळ्यांचं सांगते. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या जन्मभर घ्यायच्या, रक्त वेळोवेळी तपासायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपण आधीच उण्यात. घरात पैशाची ओढ लागली की सगळ्यांत आधी बंद होतात त्या बाईच्या गोळ्या.

पाळीबद्दल तर कुजबुजही होत नाही. वजन उतरलं की वर्षानुवर्षं बिघडलेली पाळी सुरळीत होते आणि दिवस लवकर राहू शकतात. पण पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू नये असं डॉक्टर सांगतात, कारण आईच्याच अंगात काही शिल्लक नसतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या पुरत्या शोषल्या जातील याचा भरवसा नाही, म्हणून तांबीसारखा दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवावा. हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवं.

आणि मन? दुःखात, एकटेपणात, रात्री सगळं आवरल्यावर फरसाणाचा डबा हीच जिची मैत्रीण होती, तिची ती मैत्रीणच काढून घेतली जाते. दुःख मात्र तिथेच राहतं. पोटाची, दंडाची कातडी लोंबते. लोक कौतुक करतात तेव्हा ती मनात म्हणते, म्हणजे आधीची मी तुम्हाला नकोच होते. नवरा विचारतो, "एवढी नटून कोणासाठी?" स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात २०१८ साली दिसलं की अशा ऑपरेशननंतर एकट्या माणसांची नाती जास्त जुळतात आणि आधीपासून जोडीने राहणाऱ्यांत फारकतीही जास्त होतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१६ च्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग आधीच्या तीन वर्षांपेक्षा सुमारे दीडपट आढळले, आणि बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात. अशा बाया संख्येने थोड्या होत्या, घाबरून जायचं कारण नाही. पण ध्यानात घ्या, त्या काळात कौतुक संपलेलं असतं आणि तपासणीला जाणंही थांबलेलं असतं. थोडं वजन परत चढतं तेही याच सुमारास, आणि बाईला वाटतं, मीच नापास झाले.

ऑपरेशन कोणी करावं? १९९१ साली अमेरिकेत ठरलेला निकष ४० बीएमआयचा होता, सोबत गंभीर आजार असेल तर ३५ चा. आपल्या विमा नियमांनीही २०१९ मध्ये साधारण तोच धरला. पाच फूट उंचीच्या बाईला ४० म्हणजे सुमारे ९३ किलो. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही रेघ २७.५ वर आणली, म्हणजे त्याच बाईचं वजन ६४ किलो. यामागे वैद्यकीय कारण आहे, आपल्याकडे मधुमेह कमी वजनातही जडतो. पण ६४ किलोच्या मुलीला स्थळं येत नाहीत म्हणून आईबाप घेऊन आले, तर तो आजाराचा उपचार नव्हे, ती हुंड्याचीच एक तऱ्हा आहे. २०२५ पासून आठवड्याला एक टोचायची वजनाची इंजेक्शनंही इथे मिळू लागली आहेत. तिथेही हाच प्रश्न विचारावा लागेल.

१९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं होतं, पूर्ण माहितीशिवाय घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. तो धडा इथेही लागू आहे. मात्र तेव्हा आपण बाईच्या बाजूने उभ्या होतो. या ताईच्या वेळी आपण तिचा न्याय करणाऱ्यांच्या बाजूला होतो. जाडीवरून हिणवणारा समाज एकीकडे, आणि ऑपरेशन केलं म्हणून हिणवणाऱ्या आपण दुसरीकडे. तिने जायचं कुठे?

म्हणून गटांना माझं सांगणं आहे. कोणी ऑपरेशनला निघाली तर तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा. पुढच्या पाच वर्षांचा गोळ्या-तपासण्यांचा खर्च, कातडीचं काय, वजन परत चढलं तर काय, हे लिहून न्या आणि विचारा. निर्णय कोणाचा आहे हे तिला एकटीला विचारा. नंतर वर्षभर तिच्या घरी जा, एकदा नवरा-सासू घरात असताना. उलट्या थांबत नसतील, पाय बधिर होत असतील, चालताना तोल जात असेल, नजर डबडबत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका. आणि बारीक झालेल्या बाईला "छान दिसतेस" म्हणण्याआधी "बरी आहेस ना?" असं विचारा.

ती ताई आज इथे बसली आहे. तुम्ही पाहिलं असेल, भाषणं सुरू व्हायच्या आधीच तिने डबा उघडला. सगळ्यांच्या आधी जेवायला तिला दीड वर्ष लागलं. आज कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, हे मला बरं वाटलं.